काटेवाल्यांचा खर्ज

काटेवाले दुपारी गाणं ऐकत बसले की त्या घरात सगळ्यात आधी ऐकू यायचा तो त्यांचा श्वास. मग समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकल्याचा आवाज. मग, अगदी लक्ष दिलं तर, गाणं.

ते ऐकायला पाहुण्याने त्यांच्या खुर्चीत बसायचं. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, दोन्ही हात मांडीवर. गाणं चालू असताना आवंढासुद्धा बेताने गिळायचा.

"ऐकू येतंय?" काटेवाले कुजबुजत.

पाहुणा हो म्हणायचा. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावणं जात नसे.

"जोरात लावून काय, कुणीही ऐकेल," ते पुढे म्हणत. "हळू लावायचं आणि तरी भरलेलं ऐकू आलं पाहिजे. तिथे कस लागतो."

एवढ्यात आतून बायकोने कूस बदलल्याचा आवाज येई. काटेवाले तोंडावर बोट ठेवत. पाहुण्याला वाटायचं, किती जपतो हा माणूस बायकोला. काटेवाल्यांनाही तसंच वाटायचं.

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. पहाटे घाऊक बाजारात जायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेलं बटणाएवढं लोहचुंबक शोधून काढायचं, आणि काटा खरा असेल तर शिक्का मारायचा. त्यांच्याकडे लाल मखमलीचं अस्तर लावलेली पेटी होती. तिच्यात पितळी वजनं बाळंतिणीच्या खोलीतल्या तान्ह्या पोरांसारखी ओळीने झोपलेली असत. एकदा तपासून ते कधी शिक्का मारत नसत. "पहिल्यांदा बरोबर येतं ते नशिबाने," ते म्हणत. "दुसऱ्यांदा बरोबर आलं तर ते बरोबर." मागे दुकानदारांची रांग लागे, मालाच्या गाड्या अडून राहत, हमाल शिव्या घालत. काटेवाले पुन्हा पेटी उघडत.

लाच त्यांनी कधी घेतली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि समोरच्याने विचारायच्या आधी सांगत.

दुपारी एकच्या सुमाराला ते घरी येत. बायको तेव्हा झोपलेली असायची. ती मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. पूर्वी तिची दिवसपाळी होती आणि घरात गाणी मोकळ्या गळ्याने वाजत. मग माणसं कमी पडली आणि तिला कायमची रात्रपाळी लागली. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, माझं एकच मागणं आहे. दुपारी मला झोपू द्या. रात्री माझ्या हातून पिशवीवर चुकीची चिठ्ठी लागली तर माणूस जाईल."

काटेवाल्यांनी ताबडतोब मान्य केलं. आवाजाचं बटण पार खाली आणलं आणि आपण काय सोडलं ते कचेरीत सगळ्यांना सांगितलं. शिपायालासुद्धा.

पण आवाज खाली आणला आणि गाण्यातून माणसं उठून गेली. आधी ड्रम गेला. मग जाड तारांचं वाद्य गेलं. मग गायिकेचं पोट गेलं, छाती गेली, राहिलं ते नुसतं नाक. आवडत्या गाण्याची ही दशा पाहून काटेवाले दोन घास कमी जेवले. त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचल्यावर कळलं की दोष यंत्राचा नाही, माणसाच्या कानाचा आहे. आवाज हळू झाला की कान खालचे जाड सूर सगळ्यात आधी टाकून देतो. अगदी वरचेही बरेचसे टाकतो. मधले तेवढे ठेवतो.

"म्हणजे काटाच खोटा," काटेवाले म्हणाले. त्यांना कानाचा मनापासून राग आला. खोट्या काट्याशी कसं वागायचं हे त्यांना पाठ होतं.

कानाने टाकून दिलेल्या त्या जाड सुरांना ते खर्ज म्हणत. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याला एकच काम उरलं. आवाज वाढवायचा नाही आणि खर्ज परत आणायचा.

पहिला विजय फुकटात मिळाला. त्यांचा अॅम्प्लिफायर मोठ्या भावाकडून आलेला, जुना, लोखंडी तिजोरीसारखा जड. त्याच्यावर लाउडनेस असं लिहिलेलं एक बटण होतं. नाव वाचून काटेवाल्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. घरात मोठा आवाज करायचा नाही असं ठरलं होतं ना. ते बटण हळू आवाजातच कामाला येतं, कानाने टाकलेले वरचे आणि खालचे सूर ते परत भरून देतं, हे कळल्यावर त्यांनी ते दाबलं. गायिकेला छाती आली. काटेवाले खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले.

एवढ्यावर थांबले असते तर ते काटेवाले कसले.

मग त्यांनी घरातले इतर आवाज हुडकायला घेतले. घर शांत असेल तर हळू गाणंही ठसठशीत लागतं, हे खरंच आहे. त्यांनी पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ न्हाणीघरात नेऊन टांगलं. गाणं चालू असेपर्यंत फ्रिज बंद ठेवायला लागले. दूध नासलं तेव्हा त्यांनी दूधवाल्याच्या मापावर संशय घेतला. दारावरच्या घंटेची तार काढून टाकली. बायकोची मावशी परगावाहून आली, अर्धा तास दारात उभी राहिली आणि परत गेली. ती अजून बोलत नाही.

"बरं झालं," काटेवाले म्हणाले. "तुझी झोपमोड झाली असती."

मग भिंत. स्पीकर खोलीच्या मधोमध ठेवला तर खर्ज विरून जातो. भिंतीला टेकवला, कोपऱ्यात सरकवला, की भिंत त्याला उचलून धरते. काटेवाल्यांनी दिवाणखान्याच्या भिंती एकेक करून तपासल्या. एका भिंतीत खिडकी होती. एकीला दार. एकीला काचेचं कपाट, त्यात भांडी किणकिणायची. उरली ती भिंत भक्कम होती, सलग होती, तिच्यावर एक खिळासुद्धा नव्हता. पोकळ आहे का ते त्यांनी बोटाने वाजवून पाहिलं, ओल आहे का ते हात फिरवून पाहिलं. तिच्या पलीकडे काय आहे ते पाहिलं नाही. पलीकडे काय असणार? त्यांचीच झोपायची खोली.

स्पीकर भिंतीला लागले. आणि खरंच, आवाज आणखी खाली नेऊनही गाणं अंगाने भरलं.

शेवटी आला तो बेसचा डबा. तो मेहुण्याने आणून दिला, बायकोच्या धाकट्या भावाने. चौकोनी काळा डबा, त्याच्या पोटात ताटाएवढा एकच स्पीकर, आणि खालच्या सुरांखेरीज दुसरं काही न वाजवण्याची त्याने शपथ घेतलेली. मेहुण्याच्या बायकोने तो घराबाहेर काढला होता. हा इशारा होता. काटेवाल्यांनी तो भेट समजून ठेवून घेतला.

"भाऊजी," मेहुणा खुर्चीत बसून म्हणाला, "चालू केलाय का?"

"केव्हाच."

"मला वाटलं माझंच पोट वाजतंय."

"कान तयार लागतो त्याला," काटेवाले म्हणाले.

"तो कुठे भरून मिळतो? येताना घेऊन येईन."

काटेवाल्यांनी त्याला खुर्चीतून उठवलं.

बायकोने पहिल्यांदा तक्रार केली ती स्पीकर भिंतीला लागल्यानंतर. संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती ओट्याशी उभी होती. "झोप लागत नाहीये हो," ती म्हणाली. "डोळा लागला की जाग येते."

"आवाज येतो का गाण्याचा?"

तिने विचार केला. ती खरं बोलणारी बाई होती. "नाही. गाणं नाही ऐकू येत."

"तरीपण अजून कमी करतो," काटेवाले उदारपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज अजून कमी केला, आणि जे कमी झालं ते भरून काढायला खर्जाचं बटण पुढे सरकवलं.

तिची झोप आणखी उडाली. काटेवाल्यांनी आणखी कमी केलं, आणखी भरून काढलं. डबा आल्यावर तर गाणं इतकं हळू झालं की शेजाऱ्याच्या मांजरालाही ते ऐकू गेलं नसतं. बायकोच्या डोळ्यांखाली काळं धरलं. रक्ताच्या पिशवीवरची चिठ्ठी ती दोनदा वाचायची ती आता चारदा वाचू लागली.

मग एक दिवस तिने काटेवाल्यांच्या बाजूला बसून, हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात सांगितलं. "मला धडधडतं."

"कुठे?"

"आडवी झाले की. उशीवर डोकं ठेवलं की कानात ठोके येतात. जोराने येतात, मग मध्येच एक सुटतो, मग दोन लागोपाठ येतात. बसले की थांबतं."

काटेवाले घाबरले. हे खोटं नव्हे. तिचे वडील असेच गेले होते, झोपेत, काही न बोलता. तिने ते बोलून दाखवलं नाही. त्यांनीही नाही.

"उद्या दाखवून ये," काटेवाले म्हणाले. "आणि दुपारी पडून राहत जा. विश्रांती महत्त्वाची."

ती पडून राहत गेली.

डॉक्टरने छातीला तारा लावून आलेख काढला. आलेख निर्दोष आला. तिला दिलासा मिळाला नाही. रुग्णालयात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की आलेख काढताना जे होत नाही ते आलेखात येत नाही. डॉक्टरने आणखी दोन तपासण्या सांगितल्या, दोन्ही दुपारच्या.

आणि नेमक्या याच दिवसांत रक्तपेढीच्या प्रमुख बाई निवृत्त होत होत्या. त्यांनी हिला बोलावून सांगितलं, "माझ्या खुर्चीत तूच बस. दिवसपाळी आहे. फक्त अडचण आली की कुठल्याही वेळी पळत यावं लागेल. शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस शोधावा लागेल."

ही खुर्ची तिला हवी होती. ती काटेवाल्यांना म्हणाली नाही कधी, पण पेढीतलं शीतकपाट कुठे ठेवायचं, रक्तदात्यांच्या बाकड्यांची तोंडं कुठे वळवायची, हे सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. दिवसपाळी मिळणार होती. रात्री माणसासारखं झोपता येणार होतं.

"पण मला असं होतंय," ती म्हणाली. "कुठल्याही वेळी पळायचं म्हणजे... जिन्यातच पडले तर?"

"तब्येत आधी," काटेवाले म्हणाले. "मान काय, मिळतो आणि जातो." स्वतःचं वाक्य त्यांना आवडलं. तिला समजुतीने सांगणारा नवरा मिळाला याचं त्यांना तिच्या वतीने बरं वाटलं.

पहिल्या तपासणीच्या दुपारी ती रुग्णालयात गेली. काटेवाल्यांना पहाटेच्या गारठ्याने सर्दी झाली होती. त्यांनी गाणं लावलं, पण खुर्चीत बसवेना. नाक चोंदलं की ऐकण्यात राम नाही. ते आत जाऊन पडले. पलंगाच्या त्यांच्या बाजूला ऊन आलं होतं म्हणून बायकोच्या बाजूला पडले, भिंतीकडे. दार उघडंच राहिलं.

उशीवर डोकं टेकलं आणि त्यांना ठोके ऐकू आले.

ढब. ढब. मग एक सुटला. मग लागोपाठ दोन. ढब-ढब.

हृदयरोगाची लागण होते का, असा विचार काटेवाल्यांच्या मनात येऊन गेला. बायको घरी नाही, दारावरच्या घंटेची तार काढलेली, आपण मेलो तर कुणाला कळणार नाही. पण सवयीचा माणूस मरतानाही सवयीनेच वागतो. त्यांनी डाव्या मनगटाची नाडी उजव्या हाताने धरली. नाडी भरभर चालली होती. उशीतले ठोके सावकाश होते. दोन काटे, दोन वजनं. यातला एक खोटा.

तेवढ्यात दिवाणखान्यातलं गाणं संपलं. हृदय थांबलं.

काटेवाले जिवंत राहिले.

पुढचं गाणं सुरू झालं. हृदयही सुरू झालं, या वेळी जरा नाचऱ्या चालीत.

काटेवाले उठून बसले. ठोके थांबले. आडवे झाले. ठोके आले. त्यांनी भिंतीला हात लावला. ती भक्कम, सलग, खिळा नसलेली भिंत तळव्याखाली मांजरीच्या पाठीसारखी थरथरत होती. गायिकेचं नाक भिंतीतून येत नव्हतं, शब्द येत नव्हते. वरचे सूर भिंतीलाच आपटून मरत होते. येत होता तो एकटा खर्ज, गाळून, निथळून, थेट पलंगाच्या डोक्याकडच्या फळीत आणि तिथून उशीत.

आता इथे कुणीही दुसरा माणूस असता तर उठला असता. पायात चप्पल अडकवून रुग्णालयात गेला असता. निदान फोन केला असता. काटेवाले उठणारही होते. पण एक घटका तसेच पडून राहिले, कारण त्यांना आणखी काहीतरी ऐकू आलं.

उघड्या दारातून वरचे सूर येत होते, बारीक आणि स्वच्छ. उशीतून खर्ज येत होता. दोन्ही त्यांच्या डोक्यात येऊन मिळत होते. आवाज तर इतका हळू होता की ऊन सरकलेलं ऐकू यावं. आणि गाणं भरलेलं होतं. काठोकाठ. गायिका तिच्या सगळ्या अवयवांसकट खोलीत उभी होती. त्यांनी फ्रिज बंद केला होता, घड्याळ हलवलं होतं, मावशी गमावली होती, ते सगळं ज्याच्यासाठी, ते इथे होतं. बायकोच्या उशीवर.

काटेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं सर्दीचंही असेल.

ती परत आली तेव्हा त्यांनी गाणं बंद केलं होतं आणि पलंगावरची चादर नीट केली होती. "काय म्हणाला डॉक्टर?"

"हृदयाच्या चित्रात काही दिसलं नाही. उद्या सरकत्या पट्ट्यावर पळवून बघणार आहेत." ती खुर्चीत बसली. त्यांच्या खुर्चीत. दमलेलं माणूस कुठेही बसतं. "उद्याच शुक्रवार आहे. उत्तर पण द्यायचंय."

"हं," काटेवाले म्हणाले. उद्या कोणती सीडी लावावी या विचारात ते होते.

का नाही सांगितलं, याला त्यांच्याकडे कारण होतं आणि ते कारण त्यांना पूर्ण पटलेलं होतं. पडताळणी. पहिल्यांदा बरोबर येतं ते नशिबाने. अर्धवट माहितीवर बायकोला उगीच आशा दाखवायची आणि मग हृदय खरंच बिघडलेलं निघालं तर? जबाबदार माणूस असं करत नाही. दुसऱ्या दिवशी ती पट्ट्यावर पळायला गेली आणि काटेवाले जबाबदारीने तिच्या उशीवर आडवे झाले. त्यांनी सकाळी आणलेली तीन सीड्यांची पुडकी उशाशी ठेवली. उशी आधी उभी लावून पाहिली, मग आडवी. सगळी दुपार पडताळणी झाली. सर्दीसुद्धा उतरली.

संध्याकाळी ती आली. चप्पल काढून दारातच थांबली. "पट्ट्यावर पण काही नाही निघालं. डॉक्टर म्हणतात, मनाचं असेल."

"मनाचं नाही," काटेवाले म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी चहा केलेला होता, ही गोष्टही रोजची नव्हती. "बस. शोध लागलाय. तुझं हृदय ठणठणीत आहे."

त्यांनी सांगितलं. भिंत, फळी, उशी, वरचे सूर का अडतात, खालचे का जातात. हात करून सांगितलं. मध्ये एकदा उठून भिंतीवर थाप मारून दाखवली. ती ऐकत होती. तिच्या हातातल्या कपातल्या चहावर साय धरली.

"म्हणजे मला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही."

"मी मरत नव्हते."

"छे."

काटेवाले शाबासकीची वाट पाहत होते. ते तिच्या तोंडाकडे असे बघत होते जसा वर्गात हात वर केलेला मुलगा बघतो.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल."

"काल कधी?"

"दुपारी. तू तिकडे होतीस तेव्हा."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"पडताळून बघायला नको? एकदा बरोबर येतं ते..."

"म्हणजे मी तिकडे पट्ट्यावर पळत होते," ती म्हणाली, शब्द एकेक करून, जणू पिशवीवरची चिठ्ठी वाचते आहे, "आणि तुम्ही माझ्या उशीवर झोपून गाणी ऐकत होतात."

"ऐकत म्हणजे, तपासत."

"कसा होता आवाज?"

इथे त्यांना खोटं बोलता आलं असतं. पण हा एकच प्रश्न होता जो इतक्या वर्षांत कुणी त्यांना आपणहून विचारला नव्हता. सगळे पाहुणे फक्त हो म्हणून गेले होते.

"भरलेला," काटेवाले म्हणाले. "काय सांगू तुला. काठोकाठ."

तिने कप खाली ठेवला.

"मी नाही म्हणून सांगून आले," ती म्हणाली. "दुपारीच. प्रमुख बाईंच्या खोलीत जाऊन. म्हटलं, माझं हृदय धड नाही, मला झेपणार नाही. त्या म्हणाल्या विचार कर. मी म्हटलं केलाय."

काटेवाल्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही. हळूहळू गेला. "उद्या जाऊन परत हो म्हण," ते म्हणाले. "सांग, गैरसमज झाला."

"काय सांगू? माझं हृदय म्हणजे नवऱ्याचा डबा होता?"

दुसऱ्या दिवशी तिने जवळपास तेच सांगितलं. प्रमुख बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. खुर्ची आदल्या संध्याकाळीच हिच्या हाताखालच्या मुलाला देऊन झाली होती. मुलगा चांगला होता. हिनेच त्याला सुई धरायला शिकवली होती. त्याने आईला फोन करून सांगितलंसुद्धा होतं, आता त्याच्याकडून काढून कशी घेणार? ती घरी आली. रात्रपाळी तशीच राहिली. दुपारची झोप तशीच राहिली.

ती काटेवाल्यांवर ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं झालं असतं. त्यांनी आपणहून डबा भिंतीपासून हलवला, स्पीकर पुढे ओढले, लाउडनेसचं बटण बंद केलं. गायिका पुन्हा नाकात गाऊ लागली. हा आपला केवढा त्याग, ते त्यांनी चेहऱ्यावर दिसेल असा ठेवला. तिने पाहिला नाही.

रविवारी तिने भावाला बोलावून घेतलं. काटेवाले बाजारातून आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि मेहुणा पलंगाचं एक टोक धरून वाकला होता.

"भाऊजी, बाजूला व्हा," तो म्हणाला. "हृदय हलवतोय."

पलंग दिवाणखान्यात आला. मधोमध, कुठल्याही भिंतीला न टेकता. आणि काटेवाल्यांचं सगळं सामान, अॅम्प्लिफायर, स्पीकर, डबा, सीड्या, ती खुर्ची, पलंग होता त्या आतल्या लहान खोलीत पलीकडच्या बाहेरच्या भिंतीशी गेलं. तिच्यापलीकडे रस्ता होता. रस्ता झोपत नाही.

"ऐका तुम्ही," बायको म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. दार लावून ऐका."

"आणि रात्री मी?"

"रात्री मी नसतेच. पलंग मोकळाच असतो."

गंमत अशी की त्या लहान खोलीत काटेवाल्यांना हवा तसा आवाज मिळाला. खोली लहान, स्पीकर हाताच्या अंतरावर, चहूकडे कपडे आणि गाद्या. कानाजवळ आलेलं गाणं मोठं करावं लागत नाही. ही साधी गोष्ट, घड्याळ हलवण्याआधी खुर्ची पुढे ओढली असती तर कळली असती. आवाज अगदी खाली आणि गाणं अगदी भरलेलं. उशीवरच्यासारखं काठोकाठ नव्हतं, पण त्याच्या अलीकडेच कुठेतरी. पहिल्या दुपारी त्यांनी एक गाणं ऐकलं आणि ते लगबगीने उठले. कुणाला तरी बोलवावं, बसवावं, विचारावं.

दार किलकिलं केलं. दिवाणखान्यात पलंगावर बायको झोपली होती, पालथी, तोंड उघडं टाकून, गाढ. कित्येक महिन्यांत तिला अशी झोपलेली त्यांनी पाहिली नव्हती. बाहेरच्या दाराकडे जायचं तर तिच्या पायांना वळसा घालून जावं लागलं असतं. पाहुण्यालाही तसंच यावं लागलं असतं. झोपलेल्या बाईच्या उशाशी चप्पल काढायला कोण येतो?

कुणी आलं नाही. खात्यातल्या लोकांना त्यांनी बोलावून पाहिलं. "वहिनी झोपलेल्या असतील ना," ते म्हणाले आणि सुटले. मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही तिथूनच वाजवा, मी इथूनच हो म्हणतो."

मग काटेवाले एकटेच ऐकू लागले. रोज दुपारी, दार लावून, हनुवटी किंचित वर. गाणं असं भरून यायचं की छातीत मावायचं नाही, आणि ते उतरवून ठेवायला माणूस नव्हतं.

चारच्या सुमाराला बाहेर पलंग करकरला की ते धावत दार उघडत. "आज काय ऐकलं माहितीये? ते दुसरं कडवं आहे ना, त्याच्यात मागे..."

बायको फोनवर असायची. पेढीच्या नव्या प्रमुखाला रोज काहीतरी अडायचं आणि तो रोज हिलाच विचारायचा. ती पलंगावर मांडी घालून, केस मोकळे, झोप झालेल्या आवाजात त्याला सांगत असायची, शीतकपाट कुठे सरकवायचं, बाकड्यांची तोंडं कुठे वळवायची. काटेवाल्यांकडे न बघता ती हात वर करायची.

"थांबा जरा. कामाचं बोलतेय."

काटेवाले दारात थांबत. वाक्य तोंडात तसंच धरून.